पाण्यातली पाचवी खिडकी

आमच्या वनस्पती उद्यानातल्या नदीकाठच्या जुन्या बंगल्याला माडीवर खिडक्या चार; पाण्यातल्या प्रतिबिंबात मात्र पाच. साहेबांनी रीतसर पाहणी करून ‘नदी चुकते आहे’ असा शेरा मारला.

तावदानं बसवायला माझे दाजी आले. बहिणीने बजावलं होतं, “दादा, यांना तिथे एकटं सोडू नकोस हं!”

“तुमची बहीण मांजरालाही घाबरते,” म्हणत दाजी माडीवर गेले. जिन्याचा कंटाळा म्हणून मी काठावरच बसलो.

चौथ्या खिडकीतून ते ओरडले, “मेहुणे, चारच आहेत! नदीला चष्मा लावा!”

मग खाली येऊन ते माझ्याशेजारी बसले आणि डबा उघडू लागले.

पाण्यात मी एकटाच बसलो होतो. पाचव्या खिडकीत दाजी दोन्ही हातांनी काच बडवत होते.