बापाचा गोटा

चैतूनं कुऱ्हाडीची पाठ प्रार्थनाघराच्या भिंतीवर हाणली. "गोटा काढ! माह्या बापाचा गोटा काढ!"

गेल्या पौर्णिमेला मसणवटीतून त्याच्या बापाच्या नावाचा दगड नाहीसा झाला होता. मेल्या गोंडाचं तेच घर. बाप सुखात असला की दगड वर्षागणिक वाढतो म्हणतात. दगडच गेला तर बापानं राहायचं कुठं? नदीवरून चौघांनी खांद्यावर आणला होता तो. उतरवताना निसटला आणि मागच्या अंगाचा चार बोटं मावतील एवढा टवका उडाला.

आणि त्याच आठवड्यात या तेलंग्या किरिस्तावांनी दगडी भिंत उभारली! डोकं फिरणार नाही तर काय?

भाषेवरून राज्यं वाटायला लागल्यापासून तेलुगू बोलणारा दिसला की गाव तोंड फिरवी. गोंडी बोलणाऱ्याला तरी कोण विचारत होतं? पण राग काढायला आपल्याहून एकटा माणूस लागतो.

प्रार्थनाघर बांधणाऱ्या पोचूला मराठी जेमतेम येई. तो हात जोडून तेलुगूत भडाभडा बोलत होता आणि नव्या मारुतीच्या पाराकडे बोट दाखवत होता.

"काय म्हनते हा?" चैतूनं शेजारी उभ्या गुणवंतरावांना विचारलं.

मालगुजारी गेली तरी गुणवंतरावांचा शब्द गावात चाले. सिरोंच्याकडच्या व्यापारामुळे त्यांना तेलुगूही येई. "मारुतीले शिव्या देऊन राह्यला," ते म्हणाले. "तुह्या बापाचा गोटा फोडून पायव्यात घातला म्हनते. ऐकून घे, अन् बस गप."

चैतू गप बसला नाही. दुपारपर्यंत भिंत भुईसपाट झाली. पायवा उकरला, पण तिथं नुसती खडी निघाली. पोचू ढिगाऱ्यावर बसून रडत होता. चैतूला त्याची कीव आली नाही.

गुणवंतरावांनी त्याला पारावर नेलं. मारुती त्यांच्याच शेतात नुकताच आपोआप वर आला होता.

"आता तू आमचा झाला, चैतू. लाव शेंदूर."

ज्याला पाराची पायरीही कुणी चढू दिली नव्हती, त्याचा ऊर भरून आला. तेलात कालवलेला शेंदूर त्यानं दोन्ही हातांनी देवाला चोपडला.

"पुढूनच लाव. मांगून झाला हाये."

पण चैतूनं भक्तीच्या भरात देवाला मिठीच मारली, आणि मागच्या अंगाला, टवका उडालेल्या खाचेत, त्याची चार बोटं बसली.