वडील: लाकूड, कापड, काच

वडील लेकीच्या गुलाबी रबरी सपाता घालून विद्यापीठाच्या कलादालनात शिरले, तेव्हा त्यांना मरून तीन महिने झाले होते. म्हणजे भिंतीवरच्या पाटीवर तसं लिहिलं होतं. ती त्यांनी वाचली नाही, कारण त्यांचा चष्मा पाटीखालच्या स्टुलावर मांडून ठेवला होता.

खुर्ची परवा गेली होती, चपला काल. चष्मा आज सकाळी, ते आंघोळीला गेलेले असताना.

त्यांनी चष्म्याकडे हात नेला.

"काका, पांढऱ्या पट्टीच्या मागे," दारावर बसवलेला एक लांबुडका विद्यार्थी म्हणाला. "कलाकृतीला हात लावायचा नाही."

"चष्मा माझा आहे."

"वाटतं तसं. काल एका काकूंना ही खुर्ची त्यांच्या मिस्टरांची वाटली. बऱ्याच रडल्या. हेच तर यश आहे हिचं."

"अरे बाळा, मला चार वाजता छापखान्यात बोलावलंय. मुद्रितं तपासायला. वर्षभराने कुणीतरी बोलावलंय."

लांबुडक्याला त्यांची कीव आली. त्याच्या स्वतःच्या मांडणशिल्पाचंही आज वाटोळं झालं होतं. बंद पडलेले सात पंखे त्याने छताला टांगले होते, आणि परीक्षक बाई नेमक्या खाली उभ्या असताना त्यातला एक सुरू झाला. बाईंनी मान हलवून गुण कापले.

"काका, ही आमच्या वर्गातली मुलगी. वडील वारले बिचारीचे. पाटीवर आहे बघा."

"दिसत नाही."

लांबुडक्याने वाचून दाखवलं. "तीन महिन्यांपूर्वी बाबा वारले. वस्तूंना अजून कुणी सांगितलेलं नाही."

वडिलांनी पाटीच्या दिशेने मान पुढे केली.

"'वारले'नंतर स्वल्पविराम दिलाय?"

"पूर्णविराम आहे."

"मग बरोबर आहे."

एवढ्यात वर्गाचे सर आले, त्यांच्यामागून परीक्षक बाई, आणि बाईंच्या मागून लेक. वडिलांना बघून ती जागच्या जागी थांबली. आजच्या गुणांवर पुढच्या वर्षीच्या शिष्यवृत्तीची एकुलती एक जागा ठरणार होती, आणि सर आत्ताच बाईंच्या कानाशी लागून म्हणाले होते की ती हिचीच आहे, तुम्ही फक्त होकार द्या.

"सुरुवातीला जमत नव्हतं हिला," सर सांगत होते. "मीच म्हटलं, माणूस हयात असेल तर हे नुसतं फर्निचर आहे. तेव्हा कुठे हिने तोंड उघडलं, की वडील वारलेत. तोवर बोलली नव्हती पोर."

बाईंनी खुर्चीभोवती एक फेरी मारली. बसून बसून मधोमध खोल गेलेल्या उशीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"भिंतीकडे तोंड का हिचं?"

"ते तसेच बसायचे," लेक म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा. "नोकरी सुटल्यापासून. आमच्याकडे पाठ करून."

"तसे नव्हते बसत," वडील म्हणाले.

सगळे वळले. लेकीने लांबुडक्याचा दंड धरला. लांबुडका उगाचच सुखावला.

"आपण ओळखत होता यांना?" बाईंनी हळू आवाजात विचारलं. मयताच्या घरी पाणी मागतात तशा.

वडिलांनी लेकीकडे पाहिलं. चष्म्याशिवाय ती त्यांना एवढीच दिसत होती: एक निळा कुडता, आणि त्यावर चेहऱ्याच्या जागी काहीतरी पुसट. ते पुसट इकडून तिकडे हलत होतं. नाही, नाही, असं.

"ओळखत होतो," ते म्हणाले. "पण बोलणं फारसं नव्हतं."

"कसे होते?"

"कुणाला त्रास नव्हता." ते थोडं थांबले. "खुर्ची दाराकडे असायची. मुलगी उशिरा यायची घरी. ती आली की कळावं म्हणून. ती सरळ आत जायची, म्हणून तिला पाठ दिसली असेल."

बाईंनी रुमाल काढला. सरांनी घसा खाकरला आणि बाजूच्या कुणालातरी म्हणाले, "याचं ध्वनिमुद्रण करायला हवं होतं."

"आणि हा चष्मा? शेवटपर्यंत हाच वापरत होते?"

"हाच. डाव्या काचेला चरा आहे. याच्याशिवाय एक अक्षर दिसायचं नाही त्यांना."

लेक स्टुलापासून हातभर अंतरावर उभी होती. तिने हात पुढे केला असता तर चष्मा आला असता. तिचा हात निघालाही, आणि पाटीच्या कोपऱ्यावर जाऊन थांबला. कोपरा सुटला होता. तिने तो अंगठ्याने दाबून नीट चिकटवला.

"येतो मी," वडील म्हणाले.

"काका, छापखान्याचं?" लांबुडक्याने विचारलं.

"बघू. सांगेन, अडचण आली म्हणून." मग लेकीच्या दिशेने, पण तिच्या जरा डावीकडे बघत, ते म्हणाले, "सावकाश ये गं. जेवण झाकून ठेवतो."

बाईंना वाटलं, शेजारी असतील. चांगले शेजारी मिळायलाही नशीब लागतं.

ते दाराशी पोचले तेव्हा लेक पांढरी पट्टी ओलांडून आत गेली. तिने खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि फिरवून दाराकडे तोंड करून ठेवली. दारात वडील एका हाताने चौकट धरून, गुलाबी सपातेच्या टोकाने पहिली पायरी चाचपत होते. सापडली. मग दुसरी. मग दारात नुसताच उजेड उरला.

"अगं, आत्ता ऐन वेळी काय हलवतेस," सर म्हणाले. पण मग दोन पावलं मागे सरले, मान तिरकी करून त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"नाही, राहू दे," ते म्हणाले. "आत्ता कुणी नाही असं वाटतंय."