धुक्यातलं तळं

"हात सोडू नका हं, मला धड काही दिसत नाही," बायको म्हणाली आणि तिने त्याचं कोपर घट्ट धरलं.

"सोडतोय कशाला? आयुष्यभर तूच तर धरून ठेवलंयस."

जंगलातली ही पायवाट त्याच्या अंगवळणी पडलेली. ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं तळं लोकांना दाखवण्यातच गाईडची सगळी नोकरी गेली होती. निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले, याने अर्ध्या जगाला तळं दाखवलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "त्या अर्ध्या जगात मी नव्हते वाटतं." नव्हतीच. दिव्याखाली अंधार! सुट्टीच्या दिवशी पुन्हा तळ्यावर जायचा त्याला कंटाळा, आणि ती काही हट्ट धरणाऱ्यातली नव्हे.

आता मात्र धरला होता. गेलं वर्षभर तिची एकच तक्रार, सुई ओवता येत नाही, पेपर वाचता येत नाही. "अहो, एवढं वाचून दाखवा ना," म्हणत पेपर त्याच्यापुढे धरायची. "बातम्यांत असतं काय मेलं!" म्हणून तो उडवून लावायचा. शेवटी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली. उद्या सकाळीच. दवाखान्याचं नाव काढलं की हा गडी चप्पल घालून फिरायला निघणारा. 'मला काय धाड भरलीय' हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण बायकोच्या डोळ्यांचा प्रश्न होता. "काही बरंवाईट झालं तर? त्याआधी एकदा तळं दाखवा," ती म्हणाली आणि तो लगेच तयार झाला.

फाटकावर त्याचा जुना सोबती बसला होता. "वा वहिनी! दिवस अगदी निवडून काढलात!"

गाईडने नुसता हात उडवला. समोर सगळं पांढरं झालं होतं आणि याला टोमणे सुचत होते. जित्याची खोड, दुसरं काय!

"इथे पायरी आहे का हो?" बायको दर वळणावर विचारत होती.

"आहे. जपून."

"आणि मुळं?"

"असतीलच. अगं, किती विचारशील? तुझ्यामुळे माझाही पाय घाबरत पडायला लागलाय. आणि तो स्वेटर घाल बघू, हातात काय मिरवतेस."

"घालीन हो."

काठावरच्या बाकाशी पोचल्यावर त्याने समोर पाहिलं आणि त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. पाणी नाही, पलीकडचा कडा नाही. नुसतं दुधासारखं पांढरं. आजच! आजच यायचं होतं का या मेल्या धुक्याला? उद्या ही टेबलावर झोपणार, आणि डोळ्यांत काय घेऊन? हे?

पण धुक्याच्या दिवशी काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. इथले गाईड पाहुण्यांना कधी परत पाठवत नसत. बाकावर बसवायचं आणि बोलून बोलून तळं दाखवायचं, अशी त्यांची रीतच होती. त्यात याचा हात धरणारा कुणी नव्हता. याचे धुक्यातले पाहुणे घरी जाऊन शपथेवर सांगत, आम्ही तळं पाहिलं म्हणून.

"बस इथे. तुझ्या डोळ्यांना दिसेल तेवढं दिसेल, बाकीचं मी सांगतो," तो म्हणाला. "काठाला पाणी हिरवं आहे, मधे गडद निळं. परकाराने काढावं तसं गोल. पलीकडे काळा कडा. इथे एकेकाळी आग होती बरं का. आता बदकं संसार करतायत."

"कुठायत बदकं?"

"ती काय, डावीकडे. आई पुढे, पिल्लं मागे, आणि बाप नेहमीप्रमाणे लांब कुठेतरी."

ती खळखळून हसली. त्याला जोर चढला. "धक्क्याला नाव बांधलीय. पिवळीधमक."

तिने धक्क्याकडे निरखून पाहिलं. "पिवळी?"

"मग! हळदीत बुडवून काढल्यासारखी. दिसतेय का थोडी तरी?"

"दिसली हो," ती म्हणाली. "तुमच्याइतकं छान कुणीच दाखवलं नसतं."

त्याचा ऊर भरून आला. तिला फसवल्याचं त्याला जराही वाईट वाटलं नाही.

"उद्या दवाखान्यातून पळून नाही ना जाणार?" तिने विचारलं.

"नाही गं. हलणार नाही तिथून."

"डॉक्टर म्हणतील ते सगळं करायचं. कबूल? माझी शप्पथ घ्या."

"तुझी शप्पथ. तुझ्या डोळ्यांसाठी काय वाट्टेल ते करीन."

तेवढ्यात फाटकावरचा सोबती मोबाइल घेऊन वर आला. "चला, दोघं जवळ बसा, फोटो काढतो. असं लख्ख तळं अख्ख्या मोसमात पाहिलं नव्हतं!"

"पुरे रे तुझी चेष्टा," गाईड हसला. "या धुक्यात कसला फोटो?"

सोबत्याने वहिनीकडे पाहिलं आणि मोबाइल हळूच खाली घेतला. तिने नवऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"अहो, धुकं नाहीये," ती म्हणाली. "आणि उद्याचं ऑपरेशन माझं नाहीये."