रस्त्यापलीकडची गाडी

दहा वाजता वर्कशॉपात चहाची सुट्टी झाली, की रस्त्यापलीकडे मरे नावाच्या जुन्या सोबत्याची गाडी येऊन थांबायची. गाडी नवीकोरी, दारावर मोठ्या अक्षरांत त्याचं स्वतःचं नाव. गेल्या उन्हाळ्यापर्यंत हाच मरे इथे वायरमन होता, ग्लेनशेजारी उलट्या खोक्यावर बसून चहा प्यायचा.

"आले बघा मालक!" ग्लेन आजही कुरकुरला. "ना साहेबाची बोलणी, ना रजेसाठी हांजी हांजी. मिरवायला जागा मात्र आमच्यासमोरचीच पाहिजे!"

"मग तूही काढ की स्वतःचा धंदा," म्हातारा बॅरी म्हणाला.

"असला थाट नाही बाबा जमत मला." भीती वाटते, हे ग्लेनने कुणाला सांगितलं नव्हतं.

बॅरीने शेजाऱ्याच्या बोकडाचा किस्सा सुरू केला. सगळे पोट धरधरून हसले, पण ग्लेनची नजर त्या गाडीवरून हटेना. शेवटी कप आपटून तो उठला आणि तरातरा रस्ता ओलांडून गेला. आज याला सुनावायचंच!

समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता, तरी गाडीच्या काचा खाली होत्या. आत मरे एकटाच थर्मासमधला चहा पीत बसला होता. ग्लेनला पाहताच त्याचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलास! बोकड छपरावर चढला, इथपर्यंत ऐकू आलं, मग वाऱ्यात सगळं गेलं. पुढे काय झालं रे?"

ग्लेनलाही पुढचं ठाऊक नव्हतं. किस्सा चालू असताना तो सगळा वेळ या गाडीकडेच बघत बसला होता.