मांगरातली आई

धाकट्या आत्याचं लग्न झालं त्या वर्षी, १९३१ साली, माझ्या आईला खोकल्यातून रक्त पडू लागलं. वैद्यांनी क्षय सांगितला. आजीने तिची पथारी बागेतल्या मांगरात, अवजारं ठेवायच्या खोपटात, नेली, ताट-तांब्या वेगळा केला. मी चार वर्षांची होते. मला बागेच्या कुंपणाच्या आत जाऊ देत नसत.

पाच महिन्यांनी बाबांनी तिला बैलगाडीतून रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत जनी सुईण होती.

"या दुखण्याआधी दिवस राहिले होते?" डॉक्टरांनी विचारलं.

जनी म्हणाली, "ऱ्हायले होते. तिसऱ्या म्हयन्यात पडलं. पोर नव्हतंच, नुसती माशाची गाभोळी, अंड्यांचे घोस असतात तसं. लोक भुताचं म्हणतील म्हणून मी गुपचूप पुरलं."

गर्भाची खूण अंगात अजून आहे का ते बघायला डॉक्टरांनी लघवी मुंबईला तपासायला पाठवली. पंधरा दिवसांनी त्यांनी तिघांना बोलावून सांगितलं, "हा क्षय नाही. त्या पडलेल्या गर्भातून झालेला गर्भाशयातला कर्करोग आहे, फार क्वचित होतो. तोच छातीत पसरलाय. यावर औषध नाही."

आईने विचारलं, "दुसऱ्याला लागतो?"

"नाही."

घरी येऊन ती मांगराकडे वळलीच नाही. सरळ ओटीवर चढली आणि हसत म्हणाली, "सासूबाई, क्षय नाय मला! कर्करोग हाय. द्या माझी पोर इकडे."

एकोणीस रात्री मी तिच्या कुशीत झोपले. त्याच वर्षी मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला माझी आई, सगुणा, वारली.