गवतावरची टोपी

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या आमच्या गावात दर शनिवारी दुपारी आम्ही बायका चर्चच्या हॉलमध्ये आल्बमची पानं सजवायला जमतो. मी कागदाचे गुलाब करते, आर्लीन लेस चिकटवते.

घरातले फोटो नेहमी माझा नवरा व्हर्नन काढायचा. त्यामुळे तो स्वतः एकाही फोटोत नाही. असायची ती फक्त त्याची सावली, गवतावर, रुंद काठाच्या टोपीसकट. ती मी चाळीस वर्षं कापून फेकली. पान खराब दिसायचं ना!

त्याला जाऊन दोन वर्षं झाली.

या शनिवारी मी ईस्टरचे फोटो नेले. माझ्या नातीने, टेसाने, अंगणात एकाच जागी उभं राहून पाठोपाठ तीन काढले होते. बाकड्यावर मी एकटीच.

पहिल्या फोटोत खालच्या काठाशी टोपीची सावली होती.

"टेसाने टोपी घातली होती का गं?" आर्लीनने विचारलं.

"छे! ती कुठली घालतेय?"

"मग काप की नेहमीसारखी. बघत काय बसलीस?"

मी कापली.

दुसऱ्या फोटोत टोपी माझ्या बुटांपर्यंत आली होती. तीही कापली, बुटांसकट, आणि तिथे गुलाब चिकटवले.

तिसऱ्या फोटोत ती माझ्या मांडीवर होती. आता कापायची तर मलाच कापावं लागणार होतं.

आर्लीनने फोटो हातात घेतला. "एवढं मोठं बाकडं, आणि तू अशी टोकाला का सरकलीस?"

पहिल्या दोन्ही फोटोंत मी मधोमध बसले होते. आणि त्या दिवशी मी जागची हललेच नव्हते.