अठ्ठावीसची लेन्स

तळ्यातलं पाणी घोट्याच्या वर येत नव्हतं आणि काठापासून काठापर्यंत बावीस पावलंच होतं. शहाऐंशीचा मे होता. तळं बांधणाऱ्या सहकारी संस्थेला अहवालासाठी फोटो हवा होता.

“बलभीम, भरल्यागत दिसू दे बरं का,” चेअरमन आबाराव म्हणाले.

बलभीमनं नेहमीची लेन्स काढून अठ्ठावीस मिलिमीटरची वाइड अँगल लावली आणि कॅमेरा पाण्याला टेकेल इतका खाली धरला. डबकं पार क्षितिजापर्यंत पसरलं.

अहवालातला तो फोटो पेपरातही छापून आला आणि ‘गावात पाणी आहे’ म्हणून टँकर बंद झाला. तहसीलला जाऊन खरं सांगायचं, असं बलभीम रोज ठरवायचा आणि रोज आपल्या फोटोच्या दुकानातच बसून राहायचा. नवव्या दिवशी शेजारच्या द्वारकाबाई पेपराचा तो तुकडा घेऊन आल्या.

“तू लई गावं हिंडतूस. ह्ये तळं कुठल्या गावचं हाय रं? लांब असलं तरी आमी बाया चालत जाऊ.”

 

“आपलंच हाय, मावशी. चला तहसीलला, म्या काय केलंय ते तुमच्यासमोरच सायबाला सांगतो.”